न चाखलेला नैवेद्य

मरोदा, भिलाई
७ नोव्हेंबर २०२३

चि. सुशील,
अनेक आशीर्वाद.

काल सकाळी मी साडेचारला उठलो, अंघोळ-पूजा आटोपली आणि तू पाठवलेलं खोकं उघडून मामांच्या खाटेसमोर मांडलं. तुझा जुना लॅपटॉप, वायरी आणि ती यूएसबीची काळी डबी. भजनी मंडळाचा माइक डबीत खोचला, डबी लॅपटॉपला जोडली. डबीवरचा हिरवा दिवा लागला. मामा मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि त्यांनी पहिलं पद म्हटलं. आवाज बसलेला, मधे दोनदा तुटला, पण पाचही कडवी म्हटली. झाल्यावर मी पाहतो तर लॅपटॉपच्या पडद्यावर नुसती सरळ रेघ. काहीच उमटलं नव्हतं.

मामांनी विचारलं, "आलं का रे?"

मी म्हटलं, आलं. दुसऱ्यांदा म्हणायला लावायची माझी हिंमत झाली नाही. आता तूच सांग, देवासमोर म्हटलेलं एक पद वाया गेलं त्याचं पाप कोणाचं? तुझ्या डबीचं, तुझं की माझं?

तो लॅपटॉप घेऊन सुपेल्याच्या एका दुकानात गेलो. दुकानदार हसला. म्हणाला, हे लिनक्स आहे, यात ही डबी चालणारच नाही, विंडोज टाकून घ्या. मी त्याला म्हटलं, माझा मामेभाऊ हैदराबादला हेच काम करतो. तर म्हणतो, मग त्यांनाच बोलवा ना. मला त्याचा राग आला नाही. खरं सांगू, तुझा आला. सप्टेंबरमध्ये तू तीन दिवस येऊन गेलास. डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितलं, गाठ स्वरयंत्रावर आहे, अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. बाहेर येऊन तू रडलास आणि परत गेल्यावर कुरिअरनं डबी पाठवलीस. बाप तुझा आहे. गळ्यात चव्वेचाळीस पदांच्या चाली आहेत. शब्द वहीत आहेत, चाली कुठेच नाहीत, मामांच्या गुरूंनी त्या फक्त त्यांनाच दिल्या. आणि त्या वाचवायला तू माणूस नाही, डबी पाठवतोस.

दुसरी गोष्ट. रायपूरहून फोन होता. इलेक्शनमुळे हॉस्पिटलचा बराच स्टाफ ड्युटीवर लागला म्हणे, म्हणून २० नोव्हेंबरचं ऑपरेशन १८ डिसेंबरवर गेलं. तू तिकीट काढलं होतंस ते रद्द कर. मामांनाही तसंच सांगितलं आहे.

हे फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितो. दोन खोल्यांचं क्वार्टर, मामा शेजारीच असतात, आणि आवाज बसल्यापासून त्यांचे कान तिखट झाले आहेत. तूही लिहूनच कळव. पत्र मी ड्युटीवर नेऊन वाचीन.

तुझा,
शामसुंदर


हैदराबाद
११ नोव्हेंबर २०२३

ती. शामदादा,
सा. न.

पाप कोणाचंच नाही. डबीचं तर अजिबात नाही. त्या दुकानदाराला काही येत नाही. अशा डबीला विंडोजमध्ये पुष्कळदा ड्रायव्हर टाकावा लागतो, लिनक्स तिला खोचल्याबरोबर ओळखतं. हिरवा दिवा लागला म्हणजे ओळखलं.

झालं काय ते सांगतो. लॅपटॉपला ऐकायची तीन दारं आहेत असं समज. एक, कॅमेऱ्याशेजारी त्याचा अंगचा माइक. दोन, बाजूचं गोल भोक. तीन, ही डबी. तो एका वेळी एकाच दाराला कान लावतो. मी तो दुसऱ्या दारावर ठेवून पाठवला होता, ही माझी चूक. बाबा म्हणत होते तेव्हा तो त्या रिकाम्या भोकाला कान लावून बसला होता.

सेटिंग्जमध्ये जा, साउंड उघड. खाली इनपुट असं लिहिलेलं आहे, तिथे यूएसबी ऑडिओ निवड. एवढंच. पण दोन गोष्टी नीट वाच. लिनक्स या दारांना जसजशी सापडतील तसतसे नंबर देतं, त्यामुळे डबी एकदा लावलीस की काढू नकोस. काढलीस तर तो भलतंच दार धरेल आणि तुला सांगणारही नाही. आणि रोज सुरुवातीला अर्धं मिनिट रेकॉर्ड करून परत लावून ऐक. ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आता तुझ्या टोमण्यांबद्दल. मी २० तारखेसाठी दहा दिवसांची सुट्टी घेतली होती. कशी घेतली ते मला माहीत. ती आता परत केली, तिकीट रद्द केलं. डिसेंबरमध्ये आमच्याकडे सुट्टी मागणाऱ्याकडे लोक चोरासारखं बघतात, तरी बघतो. त्यामुळे माणूस न पाठवता डबी पाठवली हे निदान मला लिहू नकोस.

चार आठवडे उशीर चालेल का, हे तू डॉक्टरांना विचारलंस ना? काय म्हणाले ते कळव.

वहिनींना नमस्कार.

सुशील


मरोदा, भिलाई
२८ नोव्हेंबर २०२३

चि. सुशील,
अनेक आशीर्वाद.

सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये चव्वेचाळीस पदं आहेत. सगळी झाली. १५ तारखेला धरलं आणि आज सकाळी शेवटचं म्हटलं. मामांनी दिवसाला चार म्हटली, कधी तीन. मधे दोन दिवस घोट गिळता येत नव्हता तेव्हा नुसती बोटांनी मांडीवर चाल दाखवत होते, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बसले.

तू सांगितलंस तसं इनपुटमध्ये यूएसबी ऑडिओ निवडलं. हेडफोन डबीला लावले तर काय आवाज रे! मामांचा श्वाससुद्धा कानाशी. प्लांटमध्ये तीस वर्षं मशीनचे आवाज ऐकून माझे कान अर्धे झाले, तरी मला त्यांच्या गळ्यातली खरखर वेगळी आणि सूर वेगळा ऐकू आला. ढोलकीला प्रफुल होता. तो प्लांटच्या कोक ओव्हन खात्यातून रिटायर झाला आहे, त्याला वेळच वेळ. तो पण हेडफोन लावून म्हणाला, "देवासारखं येऊन राह्यलं."

पण एक गोष्ट तू मला लिहायला नको होती. रोज रेकॉर्ड करून परत लावून ऐक म्हणतोस. सुशील, तू या घरात वाढला आहेस. तुझी आई नैवेद्याचं ताट करायची तेव्हा मीठ कमी-जास्त झालं का, हे कधी चाखून पाहायची का? ही पदं आम्ही नेमासारखी धरली. पूर्ण होईपर्यंत एकही परत लावायचं नाही, असं मी पहिल्याच दिवशी देवापुढे बोललो. मामांनाही ते पटलं. पूर्ण झाल्यावर पहिलं ऐकणं तुझं, कारण मुलगा तू आहेस. म्हणून मी एकही न ऐकता तुला पाठवतो आहे. तुझ्या कॉम्प्युटरच्या शाळेत हे शिकवत नसतील.

दुसरं, डबी लावूनच ठेव म्हणतोस. खोलीत भाजीची फोडणी उडते, तुझी कमलिनीवहिनी झाडू मारते. रोज संध्याकाळी डबी काढून, रुमालात गुंडाळून देवघराच्या कप्प्यात ठेवायचो आणि सकाळी पुन्हा लावायचो. हिरवा दिवा रोज लागला. पडद्यावर रेघही रोज डोंगरासारखी वरखाली झाली, पहिल्या दिवशीसारखी सरळ नाही. मामा उठून पाणी प्यायला, थुंकायला गेले की मी माइकचं बटण बंद करायचो, म्हणजे बाहेरचा एक शब्दही त्यात जायला नको. रेकॉर्डिंग मात्र चालूच ठेवलं, पुन्हा बंद-चालू करताना काही बिघडायचं म्हणून.

तुझ्या वाटणीचं काम मी केलं असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या जागेवर मी बसलो होतो, एवढं ऐकताना ध्यानात ठेव.

ऐकून कळव. मी वाट पाहतो.

शामसुंदर


हैदराबाद
२ डिसेंबर २०२३

श्री. शामसुंदर यांस,

पेन ड्राइव्ह काल मिळाला. ऐकला. तुमची मेहनत कळली आणि बाकीचंही सगळं कळलं.

पहिली तीन पदं डबीतून आलेली आहेत. अगदी स्वच्छ. चौथ्यापासून चव्वेचाळीसपर्यंत एकही डबीतून आलेलं नाही. पहिल्या संध्याकाळी तुम्ही डबी काढून रुमालात गुंडाळलीत, त्यानंतर लॅपटॉपनं स्वतःचा अंगचा माइक धरला आणि शेवटपर्यंत तोच धरून ठेवला. म्हणून रेघ वरखाली होत होती. हेडफोनमध्ये गोड ऐकू येत होतं कारण हेडफोन डबीला लावले होते. डबी माइकचा आवाज सरळ हेडफोनला देते, कॉम्प्युटरमध्ये काही जावो न जावो. हे मी लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. इथपर्यंतची चूक माझी.

एकदा परत लावून ऐकलं असतं तर पहिल्या दहा सेकंदांत कळलं असतं.

आता पुढचं. तुम्ही माइकचं बटण बंद करत होतात. लॅपटॉपचा माइक बंद होत नव्हता. खोलीत बोललेलं सगळं त्यात आहे. कुकरच्या शिट्ट्या, प्रफुलकाकांच्या गुडघ्याची तक्रार, सगळं. सतराव्या फाइलमध्ये बाबा बाहेर जातात, दाराची कडी वाजते, आणि वहिनी विचारतात: "मामाजीले कवा सांगनार? तारीख तुमीच पुढं ढकलली म्हून?"

तुमचा आवाज: "हळू बोल. हॉस्पिटलवाल्यायनंच बदलली, असंच सांगाचं. सुशीललेही तेच लिवलं. सगळे पदं होऊ दे."

मग वहिनी: "आन् गाठ थांबून राह्यते का तुमच्या पदायसाठी?"

पुन्हा कडी वाजली. बाबा परत आले आणि तुम्ही म्हणालात, चला मामा, पुढचं.

मी ते चार वेळा ऐकलं. मग रायपूरला फोन केला. त्यांनी रजिस्टर बघून सांगितलं, तारीख आम्ही बदललीच नव्हती, ६ नोव्हेंबरला सकाळी घरूनच फोन आला होता की पेशंटच्या घरी कार्यक्रम आहे, महिनाभर थांबा. प्रायव्हेट हॉस्पिटलच्या लोकांना इलेक्शन ड्युटी! मला तेव्हाच कळायला हवं होतं. उशीर चालेल का, असं मी विचारलं होतं, त्याचं उत्तर तुम्ही दिलंच नाहीत. तेही मी सोडून दिलं, कारण मला वाटलं, शामदादा आहे ना तिथे.

मी येणारच होतो. तिकीट माझ्या खिशात होतं. ते तुम्ही रद्द करायला लावलंत आणि वरून मलाच विचारलंत की माणूस का नाही पाठवला.

ऑपरेशन आता ११ डिसेंबरला आहे. मी ठरवून घेतलं, १० ला दुपारी भरती. मी बिनपगारी सुट्टी घेऊन ११ ला पहाटे थेट रायपूरला पोचेन. तारीख अलीकडे आली एवढं बाबांना सांगा, आणि का लांबली होती तेही सांगा. तुम्ही सांगा. ११ च्या आधी.

सुशील


मरोदा, भिलाई
५ डिसेंबर २०२३

सुशील,

तू मला 'तुम्ही' लिहिलंस. मी तुला या खांद्यावर बसवून रुआबांध्याच्या बाजारात नेलेलं आहे, आणि आता मी 'श्री. शामसुंदर यांस' झालो. ठीक आहे.

हो, मी फोन केला. त्याच सकाळी. रेघ सरळ आली, मामा थकून पडले आणि मी खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मनात हिशेब केला. चव्वेचाळीस पदं, दिवसाला दोनच्यावर हा गळा चालायचा नाही, म्हणजे बावीस दिवस. हातात चौदा. त्यात डबी चालत नाही आणि ती चालवणारा हैदराबादला. मी फोन लावला. देवाला विचारून लावला असं आता वाटत नाही. तेव्हा वाटलं होतं.

तू मला गुन्हेगारासारखं विचारतोस, तर मीही विचारतो. वीस वर्षांत तू गुरुवारच्या भजनाला किती वेळा बसलास? तुझ्या बाबांचं एक तरी पद तुला पूर्ण पाठ आहे का? मला सोळाव्या वर्षी त्यांनी गावाकडच्या खेड्यातून इथे आणलं, आयटीआय करवलं, कपडे घेऊन दिले, आणि दर गुरुवारी टाळ हातात दिला. मला बाप नव्हता. तुला होता आणि तू गेलास. मी म्हणत नाही की चूक केलीस, पोटासाठी सगळेच जातात, मामाही गाव सोडून आलेच होते. पण त्यांच्या आवाजावर कोणाचा हक्क जास्त आहे, हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही. तुझ्यासाठी ते जिवंत राहिले की झालं. जिवंत राहून, गळ्याला भोक पाडून, खाटेवर बसून ते करतील काय, याचा तू विचार केलास? मी केला. रोज सकाळी त्यांना दूध पाजताना केला.

आणि एकेचाळीस पदं खराब आली ते वाचून मी ड्युटीवर कॅन्टीनच्या मागे जाऊन बसलो. तेवढी शिक्षा मला पुरे आहे. तू अजून काय देणार?

तारीख अलीकडे आली हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, उगाच लांबलं होतं. कमलिनी स्वयंपाकघरात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आठ दिवस झाले, ती माझ्याशी भाजीला काय आणायचं एवढंच बोलते.

बाकीचं मी सांगणार नाही. ऑपरेशनच्या तोंडावर म्हाताऱ्या माणसाला असं सांगायचं का? त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, त्या विश्वासावरच ते आत जातील. तुला सांगायचं असेल तर तू येऊन सांग.

शामसुंदर


हैदराबाद
७ डिसेंबर २०२३

शामदादा,

नाही, एकही पद मला पाठ नाही. या आठवड्यात ती एकेचाळीस ऐकतो आहे, कुकरच्या शिट्ट्यांसकट. चाली कळतात. उगाच खराब खराब म्हणू नकोस.

हक्काचं तू विचारलंस. त्यांच्या गळ्यावर तुझा जास्त की माझा, यावर आपण दोघं जन्मभर भांडू शकतो. पण गळा त्यांचा आहे. थांबायचं की नाही, हे तू त्यांना न विचारता ठरवलंस. माझ्याशी खोटं बोललास त्याचं मी पुढे बघेन. त्यांच्याशी बोललास त्याचं मी काही करू शकत नाही.

मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ती चुगली होईल. तू सांग. विश्वासाचं कारण देऊ नकोस, घाबरतोस म्हण. ११ तारखेनंतर सांगशील तर ते पाटीवर लिहून काय उत्तर देणार? तुला शिव्या द्यायच्या असतील तर त्यांच्याजवळ अजून चार दिवस आवाज आहे. तेवढा तरी त्यांना वापरू दे.

सुशील


रायपूर
१० डिसेंबर २०२३, संध्याकाळ

चि. सुशील,

हे पत्र मी कमलिनीजवळ ठेवतो आहे. तू पहाटे पाचला पोचशील, तेव्हा ती तुला देईल. तू समोर उभा राहिलास तर मला हे तोंडानं सांगता येणार नाही.

तुझं पत्र काल मिळालं. वाचून मी ते फाडलं. घाबरतोस म्हण, असं लिहिलंस ना, तिथेच फाडलं. संध्याकाळी प्रफुल आला होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, सोड ना शाम, आता सांगून कोणाचं भलं होते, म्हातारा सुखानं जाऊ दे आत. मला ते फार गोड वाटलं. रात्रभर मी तेच मनाशी म्हणत होतो. सकाळी पूजेला बसलो तर मला देवाच्या पुढ्यात बसवेना. एवढे दिवस मी सगळं देवाच्या नावावर टाकलं होतं. फोन त्याच्या नावावर, नेम त्याच्या नावावर, खोटंही त्याच्याच नावावर. नैवेद्य चाखत नाहीत म्हणून मी परत लावून ऐकलं नाही, असं तुला ताठ्यानं लिहिलं. खरं म्हणजे दिलेला नैवेद्य माझा नव्हताच. दुसऱ्याच्या ताटातला उचलून मी देवापुढे ठेवला होता.

दुपारी दोनला मामांना भरती केलं. मोठे डॉक्टर येऊन गेले. नवे फोटो पाहून म्हणाले, गाठ पहिल्यापेक्षा वाढली आहे, गळ्याच्या बाजूचंही थोडं काढावं लागेल. बाहेर गाठून मी त्यांना विचारलं, महिन्यापूर्वी केलं असतं तर एवढं काढावं लागलं नसतं का? ते म्हणाले, असं सांगता येत नाही, कदाचित लागलं असतं, कदाचित नसतं. हो म्हणाले असते तर मला शिक्षा मिळाली असती, नाही म्हणाले असते तर सुटलो असतो. दोन्हीही झालं नाही. हे मला आता असंच घेऊन राहावं लागेल, आणि तुलाही कळावं म्हणून लिहितो.

आत गेलो. कमलिनी मामांना पातळ खिचडी भरवत होती. मी तिला म्हटलं, तू थांब, इथेच बस. तिच्यासमोर सांगायचं होतं. मग सगळं सांगितलं. सहा तारखेचा फोन, इलेक्शनचं खोटं, तुझं रद्द झालेलं तिकीट, पदं नीट आली नाहीत तेही. पहिल्या दिवशी आलं म्हणालो होतो तेही नव्हतं आलं. बोलताना मी त्यांच्या पायाकडे पाहत होतो.

मला वाटलं, आता हात उगारतील. लहानपणी उगारायचे तसा. मी वाट पाहत होतो, खरं सांगतो. त्यांनी खिचडीची वाटी बाजूला सारली आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाले,

"मले इचारलं असतं, त मीच म्हटलं असतं, थांबू. पदं होऊ दे."

मग थांबले. घोट गिळायला त्रास होतो, तू येऊन पाहशीलच.

"पन तू इचारलं नाही ना, शाम."

एवढंच. शिव्या दिल्या नाहीत. सुशील, दिल्या असत्या तर मी आज जेवलो असतो.

थोड्या वेळानं मी म्हटलं, मामा, काही म्हणायचं असेल तर म्हणा, लॅपटॉप आणलेला नाही, कोणी भरून घेणार नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, आज नाही म्हणायचं काही, उद्या पोरगा येईल तेव्हा त्याच्याशी बोलीन, तोवर गळ्याला आराम देतो. आणि मला बाहेर जायला सांगितलं. कमलिनीला नाही, मला.

मी बाहेर बाकावर बसून हे लिहितो आहे. त्यांना उद्या सकाळी आठला आत नेतील. तू पाचला येशील, म्हणजे तीन तास तुझे. ते काय बोलतात ते मला सांगू नकोस. मी खाली गेटजवळ असेन, आत येणार नाही. सही करायची तिथे तू कर, मुलगा तू आहेस.

तुझ्यावरचा माझा सगळा राग गेला असं मी लिहिणार नाही. वीस वर्षांचा आहे, एका दिवसात जात नाही. तुझाही ठेव. आपण त्यावर नंतर कधीतरी भांडू.

त्यांनी मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. पण जे सांगायचं होतं ते मी त्यांना आज दुपारी सांगितलं, त्यांना उत्तर देता येत होतं तेव्हा.

शामसुंदर